घाटाला किती लाडू

“दादा, काहीतरी बोल,” उर्मी म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही. पण वाक्य पुरं कर. मधे श्वास घ्यायचा नाही.”

आंबा घाट नुकताच सुरू झाला होता. जानेवारीचा महिना होता, उन्हाला अजून धार आली नव्हती, आणि माझी धाकटी बहीण माझ्या चार हात पुढे, घाई नाही की गडबड नाही अशी सायकल रेटत होती. मी म्हटलं, “पुढच्या रविवारी आमच्या मंडळाचा सामना संगमेश्वरला आहे आणि त्यात मी...” आणि तिथेच माझा दम तुटला.

“तुटलं,” ती मागे न बघता म्हणाली. “तुझे तासाला पाच लाडू जळतायत. उतर, थोडं चालू या.”

“मी कशाला उतरू? तू दमली असशील तर तू उतर.”

“मी दमले असते तर तुझ्याशी एवढं बोलले असते का?”

 उत्तर देण्याइतका श्वास माझ्याकडे नव्हता. मी सायकलवरून उतरलो नाही, दात-ओठ खाऊन पायडल मारत राहिलो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, देवरुखच्या मारुती मंडळाकडून कबड्डी खेळत होतो, आणि वीस वर्षांच्या बहिणीने आपल्याला चालायला लावावं हे मला पटण्यासारखं नव्हतं.

लाडवांचं सांगायला हवं. उर्मी नऊ वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. म्हाताऱ्यांचा नव्हे, लहान मुलांना होतो तो. त्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच सोडून देतं. तेव्हापासून रोज दोन वेळा सुई. सुई टोचून घेतली आणि खाणं कमी पडलं, किंवा खाणं नेहमीचं पण श्रम जास्त झाले, की तिची साखर खाली जायची. आधी घाम, मग थरथर, मग डोळ्यांपुढे अंधारी. सायकल चालवताना किती कॅलरी जळतात हा प्रश्न इतरांना पोट कमी करायचं असलं की पडतो. उर्मीला तो शुद्धीवर राहण्यासाठी पडत होता.

डॉक्टर खानोलकरांनी तिला कुठल्याशा परदेशी मासिकातला तक्ता दिला होता. इतका वेळ सायकल चालवली की इतक्या कॅलरी. तिने तो दोन दिवस वापरून परत केला. “यातला माणूस सत्तर किलोचा आहे,” ती डॉक्टरांना म्हणाली होती, “सपाट रस्त्यावर चालवतोय, आणि त्याला मधुमेह नाही. मला तो ओळखीचा वाटत नाही.” मग तिने स्वतःच शोधायला घेतलं. साखर तपासायच्या पट्ट्या तेव्हा महाग मिळत, म्हणून ती एकेक पट्टी ब्लेडने उभी कापून दोनदा वापरायची. निघताना बोट टोचायचं, पोहोचल्यावर टोचायचं, पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा. राजगिऱ्याचा पाकिटातला लाडू तिने माप म्हणून धरला, कारण ते सगळे सारख्या आकाराचे असत. एक लाडू म्हणजे शंभराच्या आसपास कॅलरी. पुरं वाक्य बोलता येतंय तोवर तासाला तीन लाडू जळतात, अर्ध्यावर तुटलं तर पाच, नुसतं हं-हं निघत असेल तर उतरून चालावं. जळलेलं सगळं भरून काढायचं नाही, बरंचसं शरीर आपल्या साठ्यातून देतं. तीन जळले की एक खायचा. हे तिने देवरुख-संगमेश्वर रस्त्यावर दोन वर्षं घासून काढलं होतं आणि घरात आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. मी बाजारातून आलो की आई विचारायची, “दिगू, किती लाडवांचा घाम गाळलास रे?”

अप्पा मात्र टिंगल करत नसत. अप्पा देवरुख एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, आणि त्यांच्या खऱ्या नियंत्रणाखाली उर्मीचं ताट होतं. एवढा भात, एवढी आमटी, एवढी पोळी, हे तेच वाढायचे, आईलासुद्धा हात लावू देत नसत. उर्मी सोळा वर्षांची असताना एकदा झोपेतच तिची साखर उतरली. अप्पांना कशाने तरी जाग आली म्हणून ती वाचली. त्यांनी तिच्या हिरड्यांना साखर चोळली, आणि ती डोळे उघडेपर्यंत तिचं नाव घेत राहिले. त्यानंतर ते रोज रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावायचे. कपाळ कोरडं असलं की जाऊन झोपायचे.

त्यामुळे उर्मीने जूनमध्ये एम.एस्सी.ला कोल्हापूरला जायचं काढलं, तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं.

“वसतिगृहात तुझ्या कपाळाला हात कोण लावणार?” अप्पांनी विचारलं.

“कोणी नाही. मी झोपायच्या आधी बघेन. दिवसभरात किती जळलं ते कळलं तर रात्रीला किती उरलंय ते कळतं.”

“कळतं म्हणजे? अंदाजच ना तो?”

“अंदाजच.”

“मग नको.”

उर्मी चार दिवस गप्प बसली. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, “अप्पा, साखरेला सगळ्यात अवघड काय असेल तर घाटात सायकल. मी देवरुखहून मलकापूरला सायकलने जाऊन दाखवते. अख्खा आंबा घाट चढून. शुद्धीवर पोहोचले तर कोल्हापूर. नाही पोहोचले, किंवा वाटेत कोणी मला उचलून गाडीत घालावं लागलं, तर मी इथेच बी.एड. करीन आणि पुन्हा नाव काढणार नाही.”

अप्पा हो म्हणाले. मला वाटतं, ती घाट बघूनच परत फिरेल अशी त्यांची खात्री असावी. पण हो म्हणतानाही ते नियंत्रकच राहिले. दिगू बरोबर असेल ही पहिली अट. दुसरी, त्या दिवशी रत्नागिरीकडून कोल्हापूरला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला त्यांनी निरोप धाडला: माझी पोरगी घाटात सायकलवर असेल, ती रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली की सायकल टपावर आणि पोरगी आत. ते स्वतः पहिल्या गाडीने मलकापूरला जाऊन स्टँडवर बसणार होते. तिथले नियंत्रक खोत त्यांचे जुने दोस्त.

तर असे आम्ही घाटात होतो. खालून वर जाणारी पहिली गाडी आम्हाला मागे टाकून गेली तेव्हा ड्रायव्हरने मान बाहेर काढून उर्मीकडे निरखून पाहिलं. तिने हात हलवला. तो समाधानाने गेला.

“आपल्या मागे हेर लावलेत,” मी म्हणालो.

“बघ, आता तू दोन दोन शब्दच बोलतोयस,” उर्मी म्हणाली. “दादा, सकाळी काय खाल्लंस?”

“शनिवार आहे आज.”

मंडळातले आम्ही सगळे मारुतीचा शनिवार धरायचो. दिवसभर चहा, संध्याकाळी देवळात नारळ फोडला की खोबरं, मग रात्री जेवण. आईने पोह्यांची ताटली पुढे केली होती. मी म्हटलं होतं, आज तर उलट दुप्पट ताकद असते.

उर्मीने सायकल थांबवली. एक पाय खाली टेकून ती माझ्याकडे पाहत राहिली. “तू उपाशी घाट चढतोयस?”

“उपाशी नाही, उपवास.”

“शरीराला तो फरक कळत नाही, दादा. कधीपासूनचा हिशेब तुंबलाय तुझा. हा घे लाडू.”

“तुझे लाडू मला नकोत. मला काही झालेलं नाही.”

मला काही झालेलं नाही असं मी आणखी दोन वळणं म्हणत राहिलो. तिसऱ्या वळणावर मला एकदम गार वाटायला लागलं. घाम फुटला, पण तो उन्हाचा घाम नव्हता. कानात कुणीतरी भिंगरी फिरवतंय असं वाटलं. पाय माझेच होते, पण ते माझं ऐकत नव्हते, आणि काहीही कारण नसताना मला रडू येत होतं. सायकल कडेला घेतली इतकं आठवतं. मग मी जमिनीवर होतो, पाठ डोंगराच्या कातळाला टेकलेली, आणि उर्मी माझा जबडा धरून काहीतरी तोंडात कोंबत होती.

“चाव. दादा, चाव. राजगिऱ्याचा आहे, उपवासाला चालतो.”

मी चावलं. तिने बाटलीतलं पाणी पाजलं, दुसरा लाडू फोडून हातात दिला. तिचा चेहरा अगदी शांत होता. मी तिच्याकडे नुसता बघत राहिलो. ती भोगत आली होती ते हे होतं. मला ते आयुष्यात पहिल्यांदा आणि थोडंसंच झालं होतं, आणि मी पार गळून गेलो होतो. ती यातून शाळेत गेली होती, परीक्षा दिल्या होत्या, माझी टिंगल हसून घेतली होती.

“तुझी साखर फार काही उतरली नसेल,” ती म्हणाली. “तुझं शरीर उतरू देत नाही. इंधन संपत आलं की ते आधी पाय बंद करतं, मग तुला रडवतं. तुझ्याकडे आत बसलेलं कोणीतरी आहे बघ, ते सगळं सांभाळतं. माझ्याकडचं ते उठून गेलंय.”

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. उर्मी चटकन उठून उभी राहिली, साडीच्या निऱ्या नीट कराव्यात तशी पंजाबी ड्रेसची ओढणी नीट केली, आणि सायकलच्या हँडलला धरून थांबली. गाडी कडेला लागली. ड्रायव्हर कोल्हापूर डेपोचे चौगुले मामा होते, आम्हा दोघांना लहानपणापासून ओळखणारे. ते केबिनमधून खाली उतरले.

“काय झालं गं? बसलीस व्हय?”

“मी कुठे बसलेय मामा? मी उभी आहे.”

चौगुले मामांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला पाहिलं. “आनि ह्यो?”

“हा बसलाय. पण ह्याच्याबद्दल अप्पांनी काही सांगितलंय का?”

मामा विचारात पडले. “न्हाई बा. साहेबांनी पोरीचंच सांगितलंय. पोराचं काय सांगितल्यालं न्हाई.”

तोवर निम्मी गाडी खाली उतरली होती. कुणी पाणी आणलं, कुणी माझ्या तळपायाला कांदा चोळायचा सल्ला दिला. लेकीकडे निघालेली एक म्हातारी बाई डबा उघडून उर्मीच्या पुढे उभी राहिली. “घे गो बाय, नारळाच्या वड्या हायत. खा पोटभर, अजून किती चढायचाय.”

“गूळ घातलाय की साखर, आजी?”

“साखर गो.”

उर्मीने एक वडी तळहातावर घेतली, हात जरा वर-खाली करून तिचं वजन पाहिलं, दोन बोटांत दाबून नारळ किती ओला आहे ते पाहिलं. मग अर्धी खाल्ली आणि अर्धी परत ठेवली. “मघाशीच लाडू झालाय माझा. पण वाटेला चार देता का? माझे दोन दादाने खाल्ले.” चार वड्या तिने रुमालात बांधल्या. बाई तिच्याकडे बघतच राहिली. खाण्याकडे असं बघणारी मुलगी तिने पाहिली नसावी.

मग उर्मी माझ्यापुढे वाकली. उकिडवीसुद्धा बसली नाही. “दादा, तू गाडीत बस.”

“मी थोडा वेळ टेकतो. मग येतो.”

“तुला उभं राहायला तास लागेल. माझी सकाळची सुई तासभर थांबणार नाही. दीड-दोनला मला ताटावर बसायलाच हवं, आणि ताट मलकापुरात आहे.”

“अप्पांची अट होती, मी बरोबर असायचं.”

“अट माझ्या शुद्धीची होती,” ती म्हणाली. “तू बरोबर थांबलास तर माझं लक्ष तुझ्या शुद्धीवर राहील.”

चौगुले मामांनी आणि कंडक्टरने माझी सायकल टपावर चढवली. मला धरून आत नेलं आणि मागच्या बाकावर, खिडकीशी बसवलं. पाठराखा म्हणून निघालेला मी, वड्यांच्या डब्यावर डोकं टेकून घाट चढू लागलो.

गाडी पहिल्या वळणावर वळली तेव्हा उर्मी खाली दिसली. ती पुन्हा सायकलवर बसली होती. त्यावरच्या वळणावरून पुन्हा दिसली, आणखी लहान. तिसऱ्या वेळी ती दरीच्या काठाने सरकणारा एक निळा ठिपका होती. तोंडातला लाडू विरघळला होता आणि माझ्या हातापायांत जीव परत येत होता. बोटं गरम झाली, कानातला आवाज थांबला, आपण कुठे आहोत ते लख्ख कळायला लागलं. दोन लाडवांनी हे केलं होतं. मी आजवर हजारो वेळा जेवलो होतो, धावलो होतो, झोपलो होतो, आणि एकदाही कशाचा हिशेब केला नव्हता. माझ्या आत तो कुणीतरी करत होतं. किती जळलं, किती उरलं, यकृतातून किती सोडायचं, इन्सुलिन किती आवरायचं, मी झोपलो असलो तरी, मी कबड्डीत कुणाचा पाय धरून लोळत असलो तरी. आणि जे काम माझं शरीर मला न विचारता करत होतं, ते खाली त्या निळ्या ठिपक्यात एक मुलगी डोक्याने करत होती, चढत असताना, एकटी. मी खिडकीच्या गजाला धरून बसलो होतो. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मी थक्क झालो होतो.

मलकापूरच्या स्टँडवर अप्पा आणि खोत नियंत्रण कक्षाबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. टपावर सायकल बघताच अप्पा उठले. मी दारात दिसलो. ते माझ्या मागे बघत राहिले. माझ्या मागून ती म्हातारी उतरली, आणखी काही माणसं उतरली, आणि मग कुणीच उतरलं नाही.

“ती कुठे आहे?”

“घाटात. चढतेय. मीच पडलो, अप्पा.”

त्यांना ते समजायला वेळ लागला. चौगुले मामा सांगत होते, पोरगी उभी होती साहेब, बसलेली नव्हती, तुमचं सांगणं मोडलं न्हाई मी. अप्पा खुर्चीवर बसले आणि घाटाच्या रस्त्याकडे तोंड केलं. खोतांनी माझ्यापुढे केळी ठेवली. मारुतीची मनोमन क्षमा मागून मी ती खाल्ली.

पुढची गाडी आली. तिचा ड्रायव्हर म्हणाला, आंबा गावात दिसली, पाणी भरत होती. घाट संपला होता म्हणजे. अप्पांच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. आता राहिला तो वरचा माळाचा रस्ता, थोडा चढ, थोडा उतार, घाटाच्या मानाने काहीच नाही.

त्यापुढची गाडी आली, तिचा ड्रायव्हर मात्र खाली उडी मारूनच आला. तरुण मुलगा होता, मला अनोळखी. “साहेब, तुमची ताई बसलीया. ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर. डोकं खाली घालून.”

“मग आणलं का नाही?” अप्पांचा आवाज स्टँडभर गेला.

“थांबलो की साहेब. गाडीत चला म्हटलं तर भांडली माझ्याशी. तुम्हाला काय कळतं, गाडी पुढं घ्या, म्हनली. लोकांसमोर ओरडली.”

अप्पांचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. उर्मी कुणाशी भांडायची नाही. ती भांडली की घरात सगळे साखरेच्या डब्याकडे धावायचे. साखर खाली गेल्याची तिची सगळ्यात पक्की खूण तीच होती.

“खोत, जीप,” अप्पा म्हणाले. स्टँडबाहेर जीप उभीच होती. खोत हाक मारायला वळले.

मी त्या ड्रायव्हरचा हात धरला. “भांडत होती तेव्हा काय करत होती?”

“काय करतीया? भांडत होती.”

“हातात काय होतं? तोंडात काही होतं का?”

तो आठवू लागला. अप्पा जीपच्या दिशेने निघालेसुद्धा होते. “चावत होती काय तरी,” तो म्हणाला. “व्हय. चावत चावतच भांडली. मांडीवर रुमाल होता.”

मी धावत जाऊन अप्पांच्या पुढे उभा राहिलो. वडिलांची वाट अडवायची आमच्या घरात पद्धत नव्हती. “अप्पा, ती खातेय.”

“बाजूला हो.”

“तिची साखर उतरलीय, खरं आहे. पण तिला ते कळलंय. कळलं म्हणूनच ती बसली. आपण जाईपर्यंत ती वडी तिच्या अंगात पोहोचलेली असेल.”

“आणि नसला तर?”

“मग तिच्या रुमालात आणखी वड्या आहेत.”

“दिगू, माझी मुलगी तिथे कठड्यावर बसलीय. खाली ओढा आहे.”

“हो,” मी म्हणालो.  “तुम्ही जीप घेऊन गेलात तर ती गाडीत बसेल, अप्पा. तुम्हाला नाही म्हणणार नाही. देवरुखला येईल, बी.एड. करील, तुम्ही वाढाल तेवढं जेवेल. मघाशी घाटात मी भुईवर पडलो होतो. तिने मला बघून दोन मिनिटांत सांगितलं माझं काय संपलंय ते. तिला कळतं. मी आज पाहिलं.”

जीपवाल्याने इंजिन सुरू केलं होतं. अप्पांनी दाराच्या कडीला हात घातला होता. तो हात मी अजून विसरलेलो नाही. नखं पांढरी झाली होती. किती वेळ ते तसे उभे होते सांगता येणार नाही. मग त्यांनी कडी सोडली, जीपवाल्याला इंजिन बंद करायची खूण केली, आणि तिथेच, रस्त्याच्या तोंडाशी, उन्हात उभे राहिले. खोतांनी खुर्ची आणून ठेवली. ते बसले नाहीत.

आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. एक ट्रक आला, उसाच्या दोन गाड्या आल्या. मी मनातल्या मनात मारुतीला पुन्हा पुन्हा हाक मारत होतो. केळ्यांबद्दल त्याने राग धरू नये एवढंच मागत होतो.

मग रस्त्याच्या टोकाला निळं काही दिसलं. हळू, पण सरळ रेषेत येत होतं. अप्पांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, ज्याला शब्द म्हणता येणार नाही.

उर्मी आमच्यापाशी येऊन उतरली. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, ओढणी कमरेला बांधलेली. अप्पांनी तिच्या कपाळाकडे हात नेला आणि मधेच मागे घेतला. तिने पिशवीतून डबी काढली, बोट टोचलं, अर्ध्या पट्टीवर थेंब ठेवला. आम्ही तिघेही त्या पट्टीच्या रंगाकडे बघत होतो. रंग चांगला होता.

“कठड्यावर का बसली होतीस?” अप्पांनी विचारलं.

मी त्यांच्या पाठीमागून तिला डोळ्यांनी खुणावत होतो. दम खायला बसले म्हण. पाय दुखला म्हण. आता कोल्हापूर हातात आहे, घालवू नकोस.

“साखर उतरली होती, अप्पा,” ती म्हणाली.

“का?”

“चुकलं माझं. घाट बरोबर आला. पण वरचा रस्ता मी सपाटीचा धरला होता. माळावर समोरून वारा होता. आपल्याकडे खाली झाडीत एवढा वारा लागत नाही. मी तो हिशेबात धरलाच नव्हता.”

“कळलं कधी?”

“मला एका म्हशीचा राग आला.”

खोत हसले. अप्पा हसले नाहीत.

“रस्त्यात उभी होती. मी तिच्यावर ओरडले. मग वाटलं, म्हशीवर ओरडणारी मी नाही. उतरले, कठड्याला टेकले आणि खाल्लं. नंतर त्या ड्रायव्हरदादांवरही ओरडले. त्यांची माफी मागायचीय.”

“वसतिगृहात असं चुकलं तर?”

“चुकेलच, अप्पा. महिन्यातून एकदा तरी चुकेल. चुकलं की कळेल.”

“आणि नाही कळलं तर?”

 तिने वापरलेली पट्टी कागदात गुंडाळली, डबीचं झाकण लावलं. “तर नाही कळणार,” ती म्हणाली. “तेवढं आहेच. तुम्हाला खोटं कशाला सांगू?”

स्टँडवर कुठली तरी गाडी मागे येत होती आणि कंडक्टर शिट्टी वाजवत होता. 

“अकरा वर्षं तुझ्या ताटात मी वाढतोय,” अप्पा म्हणाले. “एवढा भात, एवढी आमटी. मला वाटायचं, मला नक्की माहीत आहे.” त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, मग तोंड पुसलं. “मला कधी वारा दिसला नाही, उर्मे.”

 खोतांच्या घरून डबा आला होता. आम्ही नियंत्रण कक्षात बाकावर बसून जेवलो. उर्मीने स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. अप्पा तिच्या ताटाकडे बघत होते, पण हात त्यांनी मांडीवरच ठेवले होते.

जेवण झाल्यावर त्यांनी खोतांना विचारलं, “कोल्हापूरला पुढची कुठली?”

“ती काय, उभीच आहे.”

“चल,” अप्पा उर्मीला म्हणाले. “वसतिगृह बघून येऊ.”

“आत्ता? अप्पा, हे असे घामाचे कपडे, असे केस. पुढच्या आठवड्यात जाऊ की.”

“आत्ताच,” अप्पा चपला घालत म्हणाले. “घरी गेलो तर माझा धीर सुटेल.”

ती उठली आणि त्यांच्या मागोमाग गाडीत चढली.